वीस श्वास शिळा सामना

एका जंगलात सकाळपासून एक भांडण चालू होते, मुलांनो, आणि आपल्याला पोचायला दुपार झाली. तेव्हा सुरुवात कोणी केली हे विचारू नका. भांडण आता बिळाच्या तोंडाशी आले होते, एवढे पुरे.

"मोबाइल द्या, मावशी," गुणाजी उदमांजर म्हणत होता. त्याच्या हातात जप्तीची गोणी होती. गोणीत इतरांच्या घरून उचलून आणलेले मोबाइल होते, आणि त्यातला एक सारखा वाजत होता.

"आधी तुझ्या गोणीला फोन घ्यायला सांग," भिवराबाई म्हणाली. "कुणाची तरी आई काळजी करत असेल."

"मी विनोद करायला आलेलो नाही."

"ते दिसतंच आहे. तू आला आहेस म्हणूनच विनोद झालाय."

भिवराबाई साळिंदर होती. म्हातारी, एकटी, आणि जिभेची तिखट. शाळेत ती कधी गेली नव्हती. वाचायला शिकली ती परवाना खात्याने दाराशी चिकटवलेल्या नोटिसांवरून. त्यामुळे तिला अक्षरे जेमतेम येत, पण कायदा तोंडपाठ होता.

तिला राग आला की पाठीवरचे काटे ताठ उभे राहत. हे साऱ्या जंगलाला ठाऊक होते, आणि जंगल त्या बेताने लांब उभे राही. पण मनापासून आनंद झाला की तेच काटे एकमेकांवर आपटून खुळखुळत. हे मात्र फक्त तिच्या नातीला, येसूला, ठाऊक होते. त्या जंगलात आनंद करण्यासारखे फारसे काही घडत नसे, आणि घडले तर जवळ येसूच असे.

आणि आता येसू जवळ नव्हती. दोन वर्षांपूर्वी खालच्या माळाच्या कबड्डी संघाने तिला उचलून नेले होते. तिथल्या शिबिरातून घरी यायला सुट्टी नसे. जाताना येसूने आजीला एक मोबाइल दिला होता आणि सांगितले होते, "ह्यात मी दिसेन. हे बोट इथे लावायचं."

तेव्हापासून भिवराबाई बोट तिथे लावत होती.

आज अंतिम सामना होता. खालचा माळ विरुद्ध वरचा डोंगर. मोबाइल बिळाच्या तोंडाशी, सांबराच्या गळून पडलेल्या शिंगाला टेकवून ठेवला होता. पडद्यावर येसू धावत होती. सामन्याचा दुसरा डाव सुरू होता, आणि गुणाजीने गोणीचे तोंड उघडले होते.

आता कळले ना, मुलांनो, भांडण कशाचे होते ते?

"मावशी, मी तुम्हाला कायदा वाचून दाखवतो," गुणाजी म्हणाला. त्याने कमरेचे ताडपत्र सोडले. "'प्रक्षेपण होत असता ते त्याच वेळी पाहणाऱ्या प्रत्येक जिवाकडे प्रक्षेपण परवाना असला पाहिजे.' ऐकलंत?"

"ऐकलं. माझ्याकडे टीव्ही आहे?"

"नाही."

"अँटेना आहे?"

"नाही. पण तुम्ही मोबाइलवर पाहता. ऑनलाइन."

"ऑनलाइन हा शब्द त्या पानावर कुठे आहे ते दाखव."

गुणाजीने ताडपत्र उलटे केले. मग सुलटे केले. मग उन्हाकडे धरून पाहिले.

"तसा शब्द नाही," तो म्हणाला. "पण नाही असंही कुठे लिहिलेलं नाही."

हा परवाना कुठून आला ते तुम्हाला सांगायला हवे. खात्यात कोणी सांगणार नाही, कारण खात्यात कोणाला माहीत नाही.

फार पूर्वी त्या जंगलात मनोरा नव्हता, टीव्ही नव्हता. तेव्हा एक म्हातारे वानर उंच सागाच्या शेंड्यावर बसे आणि वाघसरकारच्या दरबारात काय चालले आहे ते ओरडून साऱ्या जंगलाला सांगे. दिवसभर ओरडून त्याचा घसा बसायचा. म्हणून ऐकणाऱ्या प्रत्येक घराने त्याला वर्षाला एक मधाचे पोळे द्यावे असे ठरले. पोळे दिले की कानाला गेरूचा ठिपका लावायचे. तो ठिपका म्हणजे परवाना. मध घशासाठी होता, मुलांनो. एवढीच ती गोष्ट.

वानर मेले. टेकडीवर लोखंडी मनोरा आला. मनोऱ्याला घसा नव्हता. पण मध चालूच राहिला. तो कुठे जात होता हे कोणी विचारले नाही, आणि परवाना खात्यातली उदमांजरे वर्षागणिक गोल होत गेली.

भिवराबाईने परवाना मागितला नव्हता असे नाही. दोनदा मागितला होता. करवंदीच्या जाळीतून, काटे सांभाळत, पोळे घेऊन ती खात्याच्या वडापाशी गेली होती. तिथे अर्जात एक रकाना होता: 'अँटेना कोणत्या फांदीवर बसवली आहे?'

"फांदी नाही," ती म्हणाली. "मी बिळात राहते."

"मग परवाना मिळणार नाही. परवाना झाडाच्या नावावर असतो."

"माझ्या बिळात अँटेनाला काही दिसतच नाही. मनोरा टेकडीच्या पलीकडे आहे. म्हणून तर मोबाइल."

"मोबाइलला परवाना नाही."

"मग मोबाइलवर विनापरवाना पाहिलं तर चालेल?"

"छे छे! तो गुन्हा आहे."

दोन्ही वेळा अर्ज परत आला. पोळे परत आले नाही.

हे सगळे भिवराबाई गुणाजीला सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होती. बोलता बोलता एक डोळा पडद्यावर ठेवत होती. पडद्यावर येसूने चढाई केली, एका अस्वलिणीच्या गुडघ्याला हात लावला आणि परत आली. येसूच्या पाठीवर पळसाची पाने करकचून बांधली होती. साळिंदराने कबड्डी खेळायची तर काटे झाकून, असा संघाचा नियम होता. अस्वलांनी नखे झाकावीत असा नियम कोणाला सुचला नव्हता.

"गुंडाळलीय बघ पोरीला पानात," भिवराबाई पुटपुटली. "पानगा करायचाय जणू."

"ती तशीही चपळ आहे," गुणाजी सहज म्हणाला. "डावीकडून जाते आणि कोपरा मारून उजवीकडून येते. दरवेळी."

भिवराबाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिले.

"तुला काय माहीत?"

"म्हणजे... असं म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"लोक."

"गुणाजी, तुझ्या कानाला गेरू दिसत नाही. तुझा परवाना कुठाय?"

गुणाजी ताठ झाला. शेपटीचे केस सुद्धा नीट बसले. "मावशी, मी खात्याचा आहे. खात्याला परवाना लागत नाही. खातं पाहत नाही. खातं फक्त तपासतं."

"बरं," भिवराबाई म्हणाली. आणि ते वाक्य तिने नीट ठेवून दिले, जसे आपण दोरीचा तुकडा ठेवून देतो. कधी लागेल सांगता येत नाही.

"आता मोबाइल द्या."

"का देऊ? मी त्याच वेळी पाहते हे तू सिद्ध कर."

"त्याची पद्धत आहे आमच्याकडे," गुणाजी म्हणाला, आणि त्याची छाती फुगली.

ही पद्धत त्या खात्याला फार प्रिय होती. कोण चोरून पाहते हे डोळ्यांनी कळत नाही, पण आरोळी लपत नाही. म्हणून तपासनिसाने परवानाधारकाचे घर आणि संशयिताचे घर यांच्या मधोमध उभे राहायचे. परवानाधारक ओरडला आणि त्याच क्षणी संशयितही ओरडला, की आरोळी जुळली, गुन्हा शाबीत. शेकडो घरे त्यांनी अशी पकडली होती. एकदा एका बिचाऱ्या सशाला पकडले. त्याच्या पायावर त्याच क्षणी दगड पडला होता. पण आरोळी जुळली होती, आणि खाते पुराव्यावर चालते.

भिवराबाईच्या शेजारी उंबरावर केरबा रानडुकराची अँटेना होती. उंबराखाली केरबाचा टीव्ही होता. केरबाच्या कानाला गेरू होता, इतका मोठा की कान त्यामागे लपला होता.

"केरबा!" गुणाजीने हाक मारली. "तू नेहमीसारखा बघ आणि ओरड. खात्याचं काम आहे!"

"ओरडायला मी कुणाची वाट बघतो का, साहेब?" केरबा करवंदीच्या जाळीपलीकडून म्हणाला. आणि खरोखरच तो वाट बघत नसे. त्याचा संघ जिंकला तरी तो ओरडे, हरला तरी ओरडे, जाहिरात लागली तरी ओरडे. आणि आवाज एकच. त्याच्या बायकोला सुद्धा त्यातला फरक कधी कळला नाही.

गुणाजी मधोमध उभा राहिला. एक कान उंबराकडे, एक बिळाकडे. भिवराबाई मोबाइलसमोर बसली.

"हुर्र्र्र्ऽऽ!" केरबा ओरडला. उंबराची चार फळे खाली पडली.

गुणाजीने बिळाकडचा कान पुढे केला. बिळातून काही आले नाही.

"ओरडा की, मावशी."

"कशाला ओरडू? ती अजून रेषेवर उभी आहे. नाक पुसतेय."

गुणाजी धावत आला आणि त्याने पडद्यात पाहिले. येसू मधल्या रेषेवर उभी होती. नाक पुसत होती.

"मग केरबा कशाला ओरडला?"

"थांब आणि मोज."

गुणाजी श्वास मोजत उभा राहिला. अठरा, एकोणीस, वीस. विसाव्या श्वासाला येसूने पुढे झेप घेतली, अस्वलिणीच्या दंडाला हात लावला आणि माघारी पळाली.

"ए माझी बाय!" भिवराबाई ओरडली.

जाळीपलीकडे केरबा तोवर शांतपणे कंद खात होता.

"बघितलंस?" भिवराबाई म्हणाली. "मनोऱ्यावरून त्याच्याकडे आधी येतं. माझ्याकडे कुठकुठल्या तारांतून फिरत फिरत येतं. वीस श्वास उशिरा. तो जे पाहतो ते मी पाहते तोवर होऊन गेलेलं असतं. तुझ्या कायद्यात काय लिहिलंय? 'त्याच वेळी.' मी त्याच वेळी पाहत नाही. मी शिळं पाहते. शिळं खायला परवाना लागतो का रे?"

गुणाजीने ताडपत्र पुन्हा उन्हाकडे धरले. खात्याच्या इतक्या वर्षांत आरोळी एवढी उशिरा कधी आली नव्हती. त्याने आणखी दोनदा करून पाहिले. केरबा दोनदा ओरडला. भिवराबाई दोन्ही वेळा वीस श्वासांनी ओरडली. तिसऱ्यांदा गुणाजी स्वतःच ओरडला, आणि मग खोकल्याचे नाटक केले.

खाली माळावर सामना रंगात येत होता. दोन्ही संघांचे गुण सारखे झाले होते.

"मला साहेबांना विचारावं लागेल," गुणाजी म्हणाला.

साहेब म्हणजे तरस. तो खात्याच्या वडाच्या ढोलीत बसे आणि कायद्याचा अर्थ लावी. गुणाजीने त्याला फोन लावला. तरसाचा फोन बराच वेळ वाजला.

"काय आहे?" तरस खेकसला. मागे कुठेतरी शिट्टी वाजत होती आणि गर्दी 'येसू, येसू' करत होती.

गुणाजीने सगळे सांगितले. बीळ, मोबाइल, वीस श्वास, शिळे.

"हं," तरस म्हणाला. मागची शिट्टी पुन्हा वाजली. मग म्हणाला, "अरे, पकडा तिला! मागून धरा!"

"कुणाला, साहेब? भिवरामावशीला?"

"नाही नाही. हे दुसरं. हं, काय म्हणत होतास? उशिरा पाहते? मग सोपं आहे. शेजारी ओरडतो ते ती ऐकते ना?"

"ऐकते, साहेब."

"म्हणजे प्रक्षेपण तिला एकदा कळतं शेजाऱ्याच्या आरोळीतून. त्याच वेळी. आणि मग वीस श्वासांनी दिसतं पडद्यावर. म्हणजे ती दोनदा पाहते. तिला दोन परवाने लागतात. दोन्ही नाहीत. उचल मोबाइल."

फोन बंद झाला.

मुलांनो, तुम्ही हसाल. पण मोठे झालात आणि खात्यात लागलात की हे तुम्हालाही सुचेल.

भिवराबाईचे काटे एक एक करून उभे राहिले. गुणाजी दोन पावले मागे सरला. पण साहेबांचा हुकूम त्याच्या पाठीशी होता, आणि हुकूम पाठीशी असला की उदमांजर सुद्धा पुढे येते.

"ऐकलंत ना? दोन परवाने. मोबाइल द्या."

"सामना संपेपर्यंत थांब."

"हुकूम आहे."

"गुणाजी," भिवराबाई म्हणाली. आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला. "दोन वर्षं मी तिला ह्या एवढ्याशा काचेत बघतेय. ती पडली की मी काचेवर हात फिरवते. ही काच तू गोणीत घातलीस तर मला ती दिसणार कुठे? तुझ्या आईला मी ओळखत होते. बाळंतपणात तिला कंद नेऊन दिलेत मी. शेवटची चढाई उरलीय. एवढी बघू दे."

गुणाजीने क्षणभर खाली पाहिले. मग त्याला गोणी दिसली, आणि गोणीने त्याला त्याचे पद आठवून दिले.

"भावनेला कायद्यात रकाना नाही, मावशी."

तो हात पुढे करणार, तेवढ्यात मोबाइलमधून शिट्टी ऐकू आली. शेवटची चढाई. गुण सारखेच. येसू मधल्या रेषेवर आली. समोर तीन अस्वलिणी, तीन डोंगर उभे करावेत तशा. येसूने डोळे मिटले आणि दम धरला. चढाईला सुरुवात झाली.

आणि जाळीपलीकडे केरबाने अशी आरोळी ठोकली की उंबरावरची अँटेना खाली आली. त्याचा टीव्ही बंद पडला.

सामना संपला होता. निकाल लागला होता. पण काय लागला? केरबाच्या आरोळीवरून ते कळायला मार्ग नव्हता.

"केरबा!" गुणाजी ओरडला. "काय झालं? सुटली का पकडली?"

पण केरबा अँटेनाच्या तारांत गुरफटला होता आणि फक्त शिव्या देत होता.

वीस श्वास. गुणाजीचा गोणीचा हात हवेतच राहिला. मान आपोआप लांब झाली. डोळे पडद्याला चिकटले. गोणी हातातून कधी पडली हे त्याला कळले सुद्धा नाही. पडद्यावर येसू डावीकडे वळली.

"कोपरा," तो पुटपुटला. "कोपरा मार, कोपरा मार..."

भिवराबाईने त्याच्याकडे पाहिले. त्याचे उघडे तोंड पाहिले. गेरू नसलेला कान पाहिला. जमिनीवरची गोणी पाहिली.

मग तिने मोबाइल शिंगावरून उचलला, पोटाशी धरला, आणि गुणाजीकडे पाठ करून बसली.

पाठीवर काटे होते. सगळे उभे. एखादे भाल्यांचे कुंपण असते ना, तसे.

"अहो मावशी!" गुणाजी डावीकडून धावला. भिवराबाई उजवीकडे फिरली. तो उजवीकडून आला. ती डावीकडे फिरली. तो कोपरा मारून आला. त्याच्या नाकाला काटा लागला.

"मावशी, अहो, काही दिसत नाहीये!"

पोटाशी धरलेल्या काचेत भिवराबाई एकटीच पाहत होती. बारा श्वास. पंधरा. गर्दीचा आवाज बारीक, बारीक, बिळात घुमत होता. अठरा. ती श्वास घ्यायची थांबली, तेव्हा पुढचे मोजणार कोण?

आणि मग ते झाले. पाठीवरचे काटे एकमेकांवर आपटू लागले. आधी हळू. मग जोरात. मग असे खुळखुळले की करवंदीच्या जाळीतले पक्षी उडाले.

गुणाजीला त्या आवाजाचा अर्थ माहीत नव्हता. जंगलात तो फक्त एकीला माहीत होता, आणि ती तेव्हा माळावर सख्यांच्या खांद्यावर बसली होती.

"काय झालं?" गुणाजी गुडघ्यांवर आला. नाकातून रक्त, डोळ्यांत पाणी. "रागावलात का? हरली का? सुटली का? मावशी, हवी तर गोणी न्या. सगळे मोबाइल न्या. दोन्ही परवाने मी देतो करून. फक्त सांगा, कोण जिंकलं?"

भिवराबाईने मोबाइल पदरात गुंडाळला. ठेवून दिलेला दोरीचा तुकडा बाहेर काढला. आणि एकच वाक्य बोलली, ज्यानंतर त्या दारात कायद्याचे नाव पुन्हा कोणी काढले नाही:

"खातं पाहत नाही, फक्त तपासतं म्हणालास ना, गुणाजी, मग जा, आणि कोण जिंकलं ते तपासून ये."

तात्पर्य : मुलांनो, कायद्यापुढे सगळे सारखेच असतात. म्हणून शहाण्याने कायद्याकडे पाठ करून बसावे. मात्र पाठीला काटे नसतील तर मुकाट्याने दोन परवाने काढावेत.